वाटाण्याची कुंडी आणि दादासाहेब फाळके

(प्रतिनिधी)

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले, की पुण्या-मुंबईचे हौशी छायाचित्रकार लांब पल्ल्याची भिंगे घेऊन इंदापूर तालुक्याची वाट धरतात. पहाटेचा उजेड, पाण्यावरची होडी आणि उडणारा थवा यांची असंख्य छायाचित्रे दरवर्षी निघतात. परतीच्या वाटेवर घेतलेल्या डाळिंबांच्या पेटीकडे मात्र त्याच नजरेने पाहणारे थोडे. घरच्या टेबलावर दोन डाळिंबे, एक तांब्या आणि एक दिवा मांडून चित्रकाराच्या हातचे वाटावे असे छायाचित्र काढणे बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात ती मोठी कसोटी आहे. तेथे वस्तू हलत नाही. त्यामुळे चित्र बिघडले, तर दोष पक्ष्याच्या माथी मारता येत नाही.

शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांना ही कसोटी परिचित आहे. बारामती असो वा इंदापूर, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात स्टुलावर माठ, फळे आणि मागे सोडलेला कापड मांडलेला असतो आणि तासन् तास त्याकडे पाहून छाया-प्रकाश उतरवायचा असतो. त्याला आपण स्थिरचित्र म्हणतो. ब्रशाच्या जागी कॅमेरा आला, तरी पाहण्याचे काम तेच राहते.

घरातील एका साध्या वस्तूपुढे कॅमेरा रोखून बसण्याचा एक प्रयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत दादरला झाला. वस्तू होती एक कुंडी. तीत पेरले होते वाटाणे. बसणारे गृहस्थ होते धुंडिराज गोविंद फाळके. त्या कुंडीतून निघालेल्या मिनिटभराच्या चित्राने त्यांना कर्ज मिळवून दिले आणि त्या कर्जाच्या आधाराने ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या पदवीच्या मागे उभा असलेला चित्रकार, छायाचित्रकार आणि छपाईतज्ज्ञ सहसा विस्मरणात जातो. कुंडीसमोर बसण्याची चिकाटी त्यांच्या अंगी एका दिवसात आली नव्हती. त्यासाठी आयुष्याची पंचवीस वर्षे खर्ची पडली होती.

शास्त्रीबुवांच्या घरातला चित्रकार

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुलाने शास्त्राध्ययनाची परंपरा पुढे चालवावी, ही घराची स्वाभाविक अपेक्षा. मुलाचा ओढा मात्र रंग, मूर्ती आणि नाटकातील सोंगांकडे होता. वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे रेखाटनाचा पाया पक्का झाल्यावर ते वडील बंधूंसोबत बडोद्यास गेले.

सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात त्या वेळी कला आणि उद्योग यांची सांगड घालण्याचे प्रयत्न चालले होते. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. तेथे फाळके यांनी तैलरंग आणि जलरंग हाताळले, मूर्तिकाम आणि वास्तुरचना यांचा अभ्यास केला आणि तेथेच छायाचित्रणाचे वेड लागले. काच, रसायन आणि काळोखी खोली यांच्या संगतीत त्यांचे दिवस जाऊ लागले. गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड ओळखली आणि ठसे तयार करण्याची, तसेच छायाचित्रावरून छपाई करण्याची तंत्रे शिकण्यासाठी त्यांना रतलामला धाडले. पुढे कलाभवनातील छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा वापरण्याची मुभाही दिली.

विद्या अनेक असल्या, तरी पोट भरण्याची सोय त्यांतल्या एकीनेही नीट होईना. १८९५ च्या सुमारास फाळके गोध्र्याला गेले आणि व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून त्यांनी दुकान थाटले. संसार स्थिरावतो आहे असे वाटत असतानाच १९०० च्या सुमारास प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पत्नी आणि एक मूल गेले. वयाच्या तिशीत उजाड झालेला हा माणूस बडोद्यास परतला आणि त्याने पुन्हा कॅमेरा मांडला. तेथे वेगळेच संकट उभे राहिले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो, त्यापुढे बसल्यास आयुष्य घटते, असा समज गावात पसरला होता. गिऱ्हाईक फिरकेना. फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे खेळ करू लागले.

या काळाकडे अपयशाची यादी म्हणून पाहण्याची सवय आहे. वास्तविक पडदा रंगवताना दूरच्या प्रेक्षकाला काय दिसते, हे त्यांना कळले. जादूने डोळा कोठे फसतो, हे शिकवले. ज्याला पुढे सपाट पडद्यावर देव प्रकट करायचे होते, त्याच्यासाठी ही उमेदवारीच होती.

छापखान्याने शिकवलेला प्रकाश

१९०२ मध्ये फाळके यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या. पुढील कथेतील अर्धा वाटा या बाईंचा आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. शिल्पांची आणि जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढणे हे काम वरवर रुक्ष, पण नजरेला वळण लावणारे. दगडी मूर्ती हलत नाही. तिच्यावरचा उजेड हलतो. समोरून पडलेल्या प्रखर उन्हात कोरीव काम पुसट दिसते आणि तेच ऊन तिरपे झाले, की कपाळावरची एकेक रेघ उठून येते. स्थिर वस्तूचे छायाचित्र काढणाऱ्याला यापेक्षा वेगळा धडा लागत नाही.

स्वदेशीचे वारे वाहत असताना, १९०६ च्या सुमारास, फाळके यांनी ही नोकरी सोडली आणि पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, स्वतःचा छापखाना काढला. लोणावळा निवडण्यामागे व्यवहार होता. राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला चित्रछपाईचा कारखाना जवळच मळवली येथे होता. तोवर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेलेला होता. सरस्वती, लक्ष्मी, शकुंतला आणि दमयंती यांची जी रंगीत चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत काचेच्या चौकटीत लागली, ती या कारखान्यातून निघत. फाळके यांचा छापखाना त्या कारखान्यासाठी काम करू लागला.

या छपाईची रीत समजून घेण्याजोगी आहे. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत आणि शेवटी पैठणीचा काठ किंवा गालावरची लाली दिसू लागे. एक रंग केसभर सरकला, तरी चित्र फसे. पुढे आलेल्या तिरंगी छपाईत मूळ चित्राची छायाचित्रे निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून घेऊन प्रत्येकाचा स्वतंत्र ठसा करावा लागे. हाफटोन ठशात तर छायेचा प्रत्येक अंश बारीक-जाड ठिपक्यांत मोडला जाई. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला कोणतेही दृश्य सलग दिसत नाही. त्याला त्यातील उजळ भाग, गडद भाग आणि दोहोंमधल्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसू लागतात. चित्रकाराची दृष्टी म्हणतात ती बहुतांशी हीच.

१९०८ मध्ये छापखाना दादरला हलला आणि पुढे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपाला आला. नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढला, तसे भागीदारांशी मतभेदही वाढले. अखेरीस फाळके यांनी आपला वाटा न घेता छापखाना सोडला. वय चाळीस, हाती पैसा नाही, घरात लहान मुले, अशी ती अवस्था होती.

मेणबत्ती आणि डोळे

याच पडत्या काळात, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईतील एका चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवांची, आपल्या पुराणांची चित्रे अशी हलू शकतील का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. दुसऱ्यांदा चित्रपट पाहिला तो सरस्वतीबाईंना सोबत घेऊन.

त्यानंतरचे महिने एका खोलीत गेले. परदेशातून याद्या, पुस्तके आणि लहानसहान उपकरणे मागवली गेली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून फिल्मवरची चित्रे भिंतीवर पाडायची, ती पुन्हा पुन्हा निरखायची, असा उद्योग सुरू झाला. दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहण्यात, उरलेला वेळ प्रयोगांत आणि झोप जवळपास नाही. शरीराने याचा हिशेब डोळ्यांकडून वसूल केला. दृष्टी मंदावली. विश्रांतीचा सल्ला त्यांनी मानला नाही आणि काही काळ त्यांना दिसेनासेच झाले. ज्याची सारी मिळकत नजरेत होती, त्याच्यावर आलेला हा प्रसंग. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांनी उपचार केले. तीन-चार चष्म्यांची योजना करून त्यांनी फाळके यांना पुन्हा पाहते केले. दृष्टी परत येताच फाळके पुन्हा त्याच कामाकडे वळले.

पुस्तकी ज्ञान पुरेसे नाही, विलायतेस जाऊन प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ च्या आरंभी ते लंडनला पोहोचले. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते मुंबईतून वर्गणीदार होते, त्याच्या कार्यालयात ते थेट गेले. संपादक कॅबोर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले आणि हेपवर्थ यांनी आपल्या वॉल्टन येथील स्टुडिओची दारे उघडली. तेथे जे पाहता आले ते पाहून, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी करून आणि कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके परतले.

कुंडीसमोरचा महिना

आता बिऱ्हाड दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भुवनात होते. हाच रस्ता आज दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो. आवारात काचेची लहान खोली उभारली गेली, घरात काळोखी खोली तयार झाली. १९१२ च्या मे महिन्यात यंत्रसामग्री आली आणि ती काही दिवसांत जोडून झाली. कोरी फिल्म कडांना छिद्रे नसलेली येई. ती छिद्रे यंत्राने स्वतः पाडावी लागत आणि हे काम काळोखात करावे लागे. हे काम सरस्वतीबाई शिकल्या.

यंत्र चालते, हे घरच्यांना पटले. पैसा लावणाऱ्यांना पटवणे बाकी होते. पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्यासाठी लागणारी रक्कम केवळ शब्दांवर कोणी दिली नसती. फाळके यांनी यावर शोधलेला उपाय त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. त्यांनी नट जमवले नाहीत, देखावे उभारले नाहीत. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने चौकटी टिपत राहिले. माती भेदून कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढू लागतो, ही सारी वाढ त्यांनी मिनिटाभराच्या चित्रात बसवली. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’.

आज मोबाइलवर एक बटण दाबून असे चित्रण करता येते. त्या काळी त्यात किती अडचणी होत्या, हे पाहिले की प्रयोगाचे मोल कळते. कॅमेरा हाताने फिरवायचा होता. त्या वेळच्या साधारण गतीने, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी धरून हिशेब केला, तर मिनिटाभराच्या चित्राला हजाराच्या आसपास चौकटी लागतात. त्यांपैकी प्रत्येक चौकटीत कुंडी त्याच जागी आणि कॅमेरा त्याच उंचीवर हवा. पायाचा धक्का लागला, कुंडी पाणी घालताना फिरली, तर पडद्यावर ती उडी मारल्यासारखी दिसते. उजेड कमी-जास्त झाला, तर चित्र लुकलुकते. त्यातच वाटाण्याचा कोंब प्रकाशाकडे वळणारा. ज्या बाजूने उजेड अधिक, त्या बाजूला तो झुकतो. चुकलेली मांडणी वनस्पतीच दाखवून देते. शिवाय चूक कळते ती फिल्म धुतल्यावर, म्हणजे फार उशिरा. वाढून गेलेला कोंब पुन्हा बीज होत नाही. नव्याने पेरणी करून नवा महिना मोजावा लागतो.

या चित्रात कथा नव्हती, देव नव्हते, चमत्कारही नव्हता. तरीही ते पाहणारे चकित झाले. घरोघरी दिसणारी आणि म्हणूनच कधी न पाहिलेली गोष्ट त्यांना प्रथमच दिसली होती. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांनी कर्ज देऊ केले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

घर हाच कारखाना

‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती ही एका कुटुंबाच्या श्रमाची कथा आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवण्यात आली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालवण्यासाठी त्र्यंबक तेलंग यांना तयार केले गेले. पटकथा, नेपथ्य, रंगकाम, दिग्दर्शन आणि फिल्म धुण्याची जबाबदारी फाळके यांची.

सरस्वतीबाई दिवसा सर्वांचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुण्यात मदत करीत. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर हातात धरून त्या उन्हात उभ्या राहत. चादरीवरून उलटणारा उजेड नटांच्या चेहऱ्यावरील काळोखी कमी करी. विजेच्या प्रखर दिव्यांचा वापर येथे रुळायचा होता. सूर्य हाच दिवा आणि चादर हेच उपकरण. स्टुडिओत आज ज्याला रिफ्लेक्टर म्हणतात, त्याची ही घरगुती आवृत्ती होती आणि ती तासन् तास पेलणारे हात एका गृहिणीचे होते. त्या काळच्या फिल्मची आणखी एक खोड अशी, की तिला लाल रंग जवळपास दिसत नसे. लाल कुंकू, लाल शालू पडद्यावर काळे पडत. छपाईत रंग वेगळे करण्यात आयुष्य घालवलेल्या फाळके यांच्यासाठी ही अडचण नवखी नव्हती.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी प्रदर्शित झाला. त्यातील पात्रांच्या मांडणीवर रविवर्मा यांच्या चित्रांची छाया असल्याचे अभ्यासक सांगतात. लोणावळ्याच्या छापखान्यात दगडावर दगड चढवताना नजरेत मुरलेली ती मांडणी होती.

काड्या, नाणी आणि एक चेहरा

यश मिळाल्यावर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या. ‘सत्यवान सावित्री’ आला. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला, ज्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. मोठ्या पौराणिक चित्रपटांच्या या रांगेत त्यांची काही लहान चित्रे झाकली गेली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी कोऱ्या फिल्मची आणि पैशाची चणचण होती. त्या दिवसांत फाळके छोट्या विषयांकडेही वळले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतील काड्या आपोआप हलून आकार घेतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी तेच करतात. येथेही रीत कुंडीचीच : वस्तू किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. घरातील टेबलाएवढ्या जागेत मावणारे हे चित्रपट होते.

१९१८ मध्ये भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हे तिचे गाजलेले चित्रपट. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी तिचा चेहराच दाखवला आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ती एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते आणि मग कृष्णरूपात येते. धावपळीच्या चित्रपटात एका चेहऱ्यापुढे थांबण्याचे हे धैर्य स्थिर छायाचित्रण केलेल्या माणसाचे आहे.

पुढे कंपनीतील मतभेदांमुळे ते बाहेर पडले आणि काशीस जाऊन राहिले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले. मात्र काळ बदलला होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्रीची दृश्ये घेतली. तेही मुळात चित्रकारच. सूर्यावर अवलंबून असलेला मराठी कॅमेरा आता दिव्याकडे वळू लागला होता. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि मूकपटाच्या घडणीत वाढलेले फाळके मागे पडले. ‘सेतुबंधन’ मूक स्वरूपात तयार होऊन नंतर त्याला ध्वनीची जोड द्यावी लागली. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाची पायाभरणी त्यांनी केली, त्याच्या भरभराटीत त्यांचा वाटा अखेरच्या वर्षांत फारसा उरला नव्हता. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जाऊ लागला.

घरच्या टेबलावर

फाळके यांच्या आयुष्याकडे घरबसल्या छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने या दृष्टीने पाहावे. त्यांच्याकडून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे प्रकाशाचा एकच मुख्य उगम. खिडकी किंवा एक दिवा वस्तूच्या एका अंगाला, किंचित मागे आणि वर ठेवावा. खोलीतील इतर दिवे बंद करावेत. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावली, की रंग गढूळ होतात. दिवा उघडा न ठेवता त्यापुढे पातळ पांढरा कापड किंवा बटर पेपर अंतर राखून धरला, तर सावलीची कडा मऊ होते.

दुसरी गोष्ट सरस्वतीबाईंची चादर. दिव्याच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, की डाळिंबाची काळोखी बाजू हलकी उजळते. चित्र गंभीर हवे असेल, तर पांढऱ्याऐवजी काळा पुठ्ठा धरावा. सावली दाट होते. पार्श्वभूमीला घरातील काळी घोंगडी उत्तम, कारण लोकरीवर चकाकी येत नाही. घोंगडी वस्तूपासून दोन-तीन फूट मागे टांगावी, म्हणजे तिच्यावर उजेड पडत नाही आणि फळे अंधारातून पुढे आल्यासारखी दिसतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात खोलीचे प्रतिबिंब दिसते. ते नको असल्यास भांडे फिरवण्यापेक्षा दिव्याची जागा बदलून पाहावी.

तिसरी गोष्ट स्थैर्य. कॅमेरा तिकाटण्यावर, ते नसल्यास पुस्तकांच्या थप्पीवर बसवावा. आयएसओ शंभरच्या आसपास आणि छिद्र एफ-आठच्या आसपास ठेवले, तर घरातील उजेडात शटर अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ उघडे राहते. बोटाचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइल असेल, तर सर्वांत उजळ जागेवर बोट दाबून उजेड थोडा कमी करून घ्यावा. फळावरची चकाकी एकदा पांढरी फटक झाली, की नंतर ती दुरुस्त होत नाही. मांडणीत तीन-चार वस्तूंहून अधिक गर्दी नको. एक फळ फोडून ठेवले, तर दाण्यांत उजेड शिरतो आणि सालीचा खरखरीतपणा शेजारी उठून दिसतो.

हे सारे तासाभरात करता येते. फाळके यांच्याकडून मिळणारा खरा धडा मात्र तासाभराचा नाही. एकच मांडणी सकाळी, दुपारी आणि दिवे लागणीला, तीन-चार दिवस टिपून पाहावी. डाळिंब सुकते, साल आक्रसते, खिडकीतला उजेड सरकतो आणि आपली नजर हळूहळू ते फरक ओळखू लागते.

‘राजा हरिश्चंद्र’चे जे भाग आज उपलब्ध आहेत, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. बारामती-इंदापूरकरांना पुणे दूर नाही. ते पाहताना हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेबरोबरच त्या चित्रपटामागची दुसरी परीक्षाही आठवावी. डोळे एकदा गमावून परत मिळवलेला बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ, कर्जाचा भार डोक्यावर असताना, दादरच्या घरात वाटाण्याच्या कुंडीसमोर महिनाभर बसला होता आणि घाई करून चालणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.